सेन्सरच्या कानात बोळे

“गाडीचा संगणक घाबरट असतो” हे माझं लाडकं वाक्य आहे. गेली बावीस वर्षं मी ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आलो आहे. कंपनी गाडी बनवते ती कुणाच्याही हाती पडणार या हिशेबाने, त्यामुळे इंजिनाच्या संगणकात सगळं बेताबेतानेच भरते. मग मी येतो, लॅपटॉप जोडतो, चार आकडे बदलतो आणि त्याच इंजिनातून साठ-सत्तर घोड्यांची ताकद जास्त काढतो. हे सांगताना मी एक पाय जरा पुढे टाकून उभा राहतो. तसं उभं राहिलं की पोट आत गेल्यासारखं वाटतं. फक्त मला वाटतं, असं बायकोचं म्हणणं आहे.

आमच्या धंद्यातली बाकीची मंडळी नुसत्या स्क्रीनकडे बघून काम करतात. मी ऐकतो. एक तांब्याची नळी चेपून इंजिनाला बोल्टने आवळायची, तिला लांब रबरी पाइप जोडायचा आणि त्याचं दुसरं टोक जुन्या हेडफोनमध्ये बसवायचं. झालं माझं यंत्र. ठिणगी थोडी आधी पाडली की ताकद वाढते. पण फारच आधी पाडली तर आतलं उरलेलं इंधन आपोआप भडकतं आणि पिस्टनवर हातोडे बसतात. त्याला आम्ही नॉकिंग म्हणतो. तो बारीक टकटकाट ऐकायला इंजिनावर सेन्सर असतो आणि तो ओरडला की संगणक लगेच ठिणगी मागे ओढतो. “पण सेन्सरपेक्षा माझा कान तयार आहे,” असं मी सांगायचो. मनाई कोण करणार? वर्कशॉप माझंच.

त्या शनिवारी रोलरवर, म्हणजे गाडी जागच्या जागी पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर, गाडी होती माझ्या साडूंची. साडूभाऊ भूलतज्ज्ञ. आयुष्यभर लोकांना झोपवलं आणि निवृत्त झाल्यावर स्वतः जागे झाले. लाल, दोन सीटची टर्बो गाडी घेतली. माझी मेहुणी दोन महिने त्यांच्याशी धड बोलत नव्हती. साडूभाऊंनी रविवारी रेस ट्रॅकवर दिवसभर गाडी पळवायची ठरवली होती. आयुष्यात एवढी एकच हौस त्यांनी केली होती आणि ती त्यांनी विश्वासाने माझ्या हातात दिली होती.

सकाळपासून एक कटकट चालली होती. बेचाळीसशे ते अठ्ठेचाळीसशे आरपीएमच्या मध्ये सेन्सर ओरडायचा आणि ताकद खाली यायची. मी हेडफोन लावून ऐकलं. आवाज लोण्यासारखा. म्हणजे सायलेन्सरवरचा एखादा पत्रा थरथरतोय आणि सेन्सर उगाच फसतोय, असा निकाल मी देऊन टाकला. पत्रा हलवून बघायचे कष्ट काही घेतले नाहीत. संगणकात गेलो आणि सेन्सरची तक्रार ऐकायची मर्यादा वाढवून ठेवली. साध्या भाषेत, त्याच्या कानात बोळे घातले.

लगेच एकाहत्तर घोडे वाढले. साडूभाऊंनी ताकदीच्या आलेखाचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. मेहुणीने तो पाहिला आणि तासाभरात माझी बायको वर्कशॉपात हजर.

“ताईने पाठवलंय,” ती म्हणाली. “म्हणाली, जा, ते दोघं काय उद्योग करतायत ते बघून ये.”

साडूभाऊ बाहेरच्या केबिनमध्ये चहा पीत बसले होते. मला तर भाव खायची आयतीच संधी मिळाली. “बस आत,” मी म्हणालो. “बावीस वर्षांत तुला कधी ऐकवलं नाही. इंजिन गातं म्हणजे काय ते ऐक.” तिला शेजारच्या सीटवर बसवलं, हेडफोन तिच्या डोक्यावर ठेवले आणि मी गाडी रोलरवर जोरात पळवली.

आरपीएम खाली आल्यावर तिने हेडफोन काढले. “छान आहे. पण मध्येच डब्यात वाटाणे हलवल्यासारखं काय वाजतं?”

“काहीही काय! पत्रा असेल.”

“अहो, पत्र्यासारखं नाही. बारीक आहे, आतून येतंय.”

मी हसलो. तिला म्हटलं, डोळे मिट, आणि तो आवाज येईल तेव्हा बोट वर कर. सेन्सरची तक्रार मी दाबली असली तरी त्याची नोंद माझ्यासमोरच्या स्क्रीनवर होतच होती. गाडी पुन्हा पळवली. बेचाळीसशेला रेघ उसळली आणि तिचं बोट वर गेलं. अठ्ठेचाळीसशेला रेघ बसली, बोट खाली आलं. पुन्हा एकदा केलं. तेच. तिसऱ्यांदा मी मुद्दाम वेग कमी-जास्त करून तिला फसवायचा प्रयत्न केला, इतका मी कोडगा. तिचं बोट रेघेबरोबर वर गेलं आणि रेघेबरोबर खाली आलं.

सेन्सर खरं बोलत होता. बायको खरं बोलत होती. उघड्या कानांनी गर्जणाऱ्या गाड्यांशेजारी उभं राहण्याची मी बावीस वर्षं फुशारकी मारली, आणि त्या गाड्यांनी नेमके तेच बारीक, उंच आवाज माझ्या कानांतून काढून नेले होते. घरी ही पुटपुटते म्हणून मी कितीदा चिडलो होतो, तेही आठवलं. मला तिच्याकडे बघवेना.

“साडूभाऊंना सांगू, संगणकात काहीतरी बिघाड झालाय,” मी म्हणालो. “गुपचूप जुने आकडे भरतो.”

“आणि तुमच्या कानांचं काय? पुढच्या गाडीचं काय?” ती म्हणाली. “उद्या ते दिवसभर ही गाडी पिळणार होते. इंजिन फुटलं असतं ना?”

“हो.”

“मग जा आणि सांगा.”

केबिनपर्यंतची बारा पावलं मला बारा कोसांसारखी वाटली. साडूभाऊ ग्रुपवर आलेल्या अंगठ्यांना एकेक करून उत्तरं देत होते. मी म्हणालो, “साडूभाऊ, ते एकाहत्तर खोटे आहेत. सेन्सर धोका सांगत होता, मी त्याला गप्प केलं. कारण मला तो आवाज आला नाही. मला ऐकूच येत नाही.”

त्यांनी फोन खाली ठेवला. आता हे चिडणार, अशी माझी खात्री होती. चिडले असते तर सोपं गेलं असतं.

“मीसुद्धा एकदा ऑपरेशनमध्ये अलार्म बंद केला होता,” ते हळूच म्हणाले. “वाटलं, वायर सैल असेल. पेशंट वाचला, नशिबाने. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही.” मग चहाचा कप बाजूला सारून उठले. “चला, करा दुरुस्त.”

सेन्सरच्या कानातले बोळे काढले. एकेक अंशाने ठिणगी मागे घेत गेलो. बायको डोळे मिटून शेजारी बसली होती. बोट वर जायचं, मी थोडं मागे यायचो. याआधी मीच अशा कानात बोळे घातलेल्या आणखी सहा गाड्या गावभर फिरत होत्या. मध्ये गाडी थंड होत होती तेवढ्यात तिने त्यांच्या मालकांचे नंबर लिहून घेतले आणि मी त्यांना एकेक फोन लावत गेलो. तिघांनी नीट ऐकून घेतलं. एकाने फोन आपटला. दोघांनी उचललाच नाही, त्यांना मेसेज टाकून ठेवला.

शेवटी सातव्या वेळी तिचं बोट वर गेलंच नाही. स्क्रीनवरची रेघही सरळ होती. घोडे उरले होते अडतीस.

मी हेडफोन घेतले, स्वतः लावले आणि एकदा पूर्ण वेगाने ऐकलं. जीव ओतून ऐकलं. सकाळी जे ऐकलं होतं तेच होतं. तसंच लोण्यासारखं, कणभरही फरक नाही.

साडूभाऊ खिडकीशी वाकले. “काय साडूभाऊ, आता ठीक? नेऊ उद्या?”

माझ्या ओठांवर नेहमीचं उत्तर आलं होतं. ते गिळलं, हेडफोन काढून बायकोच्या हातात दिले आणि म्हणालो, “हिला विचारा.”