पडद्यामागून आलेला भोंगा

"नाना, खरं सांगा, तुम्हाला ऐकू येतं का?"

मित्रांनो, हा प्रश्न मला विचारलेला नव्हता. पण विचारला गेला तो माझ्याच तोंडासमोर, म्हणून माझी कहाणी मी इथूनच सुरू करतो. विचारणारी होती पुनम, आमच्या हिलालनानांची नात. ती दहावीत शिकते. तिच्या मागे ओट्यावर तिची मैत्रीण तबस्सुम आणि वर्गातल्या आणखी दोघी ओढण्या तोंडावर धरून बसल्या होत्या. "विचारून दाखव! नाही विचारलंस तर उद्याची तुझी कचोरी आमची," असं त्यांनी तिला चढवलं होतं. आणि आमची पुनम म्हणजे कुणी 'दाखव' म्हटलं की दाखवणारच.

नाना तिच्याकडे बघून छान हसले आणि म्हणाले, "हो तर, केव्हाच जेवलो."

तिघी मैत्रिणी फुटल्याच हसून. पुनम मात्र हसली नाही. ती नानांच्या हाताकडे बघत राहिली. तो हात माझ्या ओठावर होता.

आता मी कोण ते सांगतो. मी एक भोंगा आहे, जुना आणि जाडजूड. लग्नात झाडाला टांगतात तो पत्र्याचा भोंगा डोळ्यांसमोर आणू नका हं! मी सागवानी लाकडाचा आहे, उंचीने पुनमच्या खांद्याएवढा, आणि माझं तोंड एवढं मोठं की त्यात एखादं शाळकरी पोर पाय पोटाशी घेऊन झोपेल. मला कुणी घडवलं ते मला ठाऊक नाही. पाठीवर नाव कोरलेली एक पितळी पट्टी होती, ती कुणीतरी कधीच काढून नेली. त्यामुळे माझा जन्म धुळ्याचाच, असं मी धरून चालतो.

धुळ्याच्या एका टॉकीजमध्ये मी तीस वर्षं पडद्यामागे उभा होतो. पडद्याला बारीक बारीक भोकं असतात, त्यातून माझा आवाज लोकांपर्यंत जायचा. सिनेमे मी सगळे बघितले, पण उलटे! माझे सगळे हिरो डावखुरे. लोकांचे चेहरे मला कधी दिसले नाहीत, नुसत्या शिट्ट्या ऐकू यायच्या. समोरच्या टोकाला, वरच्या खोलीत, हिलालनाना मशीन चालवायचे. उजेड ते पाठवायचे आणि आवाज मी. मध्ये सगळं गाव बसलेलं. पहिल्या खेळाआधी ते खाली येत, मला फडक्याने पुसत आणि म्हणत, "चाल भाऊ, लाग कामले."

मग टॉकीज बंद पडलं. त्याचं मंगल कार्यालय झालं. मला जिन्याखाली ढकललं आणि माझ्या तोंडात प्लास्टिकच्या खुर्च्या रचून ठेवल्या. उंदरांनी माझ्या कडा कुरतडल्या. पाच-सहा वर्षं मी एक अक्षर बोललो नाही. माझ्यासमोर लग्नं लागत होती आणि भिंती हलवणारे काळे डबे वाजत होते. मला कुणी विचारतही नव्हतं.

एक दिवस नाना कुणाच्या तरी लग्नाला आले आणि हात धुवायला जिन्याकडे वळले. मला बघून ते हात तसेच ओले घेऊन उभे राहिले. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला कापसाच्या टेम्पोत घालून शिरपूरला आपल्या घरी आणलं. वाटेत धक्का बसू नये म्हणून माझ्या तोंडात कापूस कोंबला होता. पुढे मी बोलायला लागलो तेव्हा महिनाभर कापसाचा एखादा पुंजका बाहेर उडायचा.

घरात स्वागत कसं झालं म्हणता? पुनमची आई, मोहिनीताई, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "नाना, हे काय आणलं हो? याच्यात तर माझ्या वर्षाच्या पापडांचा डबा बसेल!" नाना काही बोलले नाहीत. तेव्हा सगळ्यांना वाटलं, बोलायचं नसेल म्हणून बोलले नाहीत.

भोंग्याला आवाज कोण देणार? हल्लीचं आवाज वाढवणारं मशीन जोडलं तर माझा घसाच फाटेल. म्हणून नानांनी माझ्यासाठी मशीन स्वतःच्या हाताने बनवलं. मेलेल्या रेडिओंमधले बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह जमवले. ॲल्युमिनियमचा पत्रा कापून बैठक केली. आणि ट्रान्सफॉर्मर, म्हणजे मशीनची ताकद माझ्यापर्यंत पोहोचवणारं ते तांब्याच्या तारेचं वेटोळं, तेही घरीच गुंडाळलं. केसाएवढी तार आणि हजारो वेढे. शंभर वेढे झाले की नाना तुरीचा एक दाणा वाटीत टाकायचे, म्हणजे मोजणी चुकायला नको. एका सकाळी मोहिनीताईंनी ती वाटी डाळीत ओतून फोडणी दिली. नानांनी सगळी तार उलगडली आणि पहिल्या वेढ्यापासून पुन्हा सुरुवात केली. त्या दिवशीची डाळ मोहिनीताईंना गिळवली नाही. तेव्हापासून त्या स्वतः वाटीवर झाकण ठेवायच्या.

मशीन पहिल्यांदा लागलं तेव्हा व्हॉल्व्ह हळूहळू पिकल्या गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, रंगाचे झाले. ताकद किती, तर जेमतेम आठ वॅट. पण मित्रांनो, ते मशीन माझ्या कानात कुजबुजायचं आणि मी ते सगळ्या गल्लीला सांगायचो. अशी आमची जोडी जमली. गल्लीतले लोक गाण्यांच्या जुन्या तबकड्या घेऊन यायला लागले. जळगावहून एक मास्तर आले, बासरी ऐकून चष्मा पुसत बसले. मी इतका फुगलो होतो की सागवानाचा होतो म्हणूनच फुटलो नाही.

नानांची एक रीत होती. बटण दाबण्याआधी ते माझ्या पाठीवरच्या दोन स्क्रूंना दोन बोटं लावायचे आणि तीच बोटं कपाळाला टेकवायचे. सगळे म्हणायचे, नाना भोंग्याच्या पाया पडतात. खरं म्हणजे ते तिथली वायर घट्ट आहे का, ते बघत असत. व्हॉल्व्हचं मशीन भोंगा जोडल्याशिवाय चालू केलं तर ट्रान्सफॉर्मर जळतो. हे नानांना माहीत होतं आणि मला. बाकी घराला ती भक्ती वाटत होती.

तर त्या पैजेच्या दिवशी मैत्रिणी गेल्यावर पुनम परत आली. तिने नानांच्या कानाशी तोंड नेऊन तोच प्रश्न ओरडून विचारला. मग त्यांनी तिचा हात धरून माझ्या ओठावर ठेवला.

"आठे हात ठेव. समजनं का काही?"

बासरी चालू होती. पुनमच्या तळहाताला ती लागली. तिचे डोळे मोठे झाले.

"मी आसंच आयकस," नाना म्हणाले. "तुना बापले सांगू नको, पोरी. तो माले डॉक्टरकडे लई जाई, कानमा यंत्र बसाडी. मनं यंत्र हाईच शे." आणि त्यांनी मला थोपटलं.

पुनमने कुणालाही सांगितलं नाही. अगदी तबस्सुमलाही नाही! दुपारी शाळेतून आली की तीही माझ्या ओठावर हात ठेवून बसायची. ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस.

मग पूर्वपरीक्षा आली. त्याच सुमारास पुनमला वक्तृत्वात जिल्ह्याचं बक्षीस मिळालं होतं, आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर आपल्याकडे युक्ती आहे असं तिला वाटायला लागलं होतं. दुपारी माझ्या आवाजात तिचं पाठांतर होईना. तिने कागदावर लिहिलं, "नाना, आवाज कमी." नानांनी लगेच कमी केला. पण तेवढ्या आवाजात त्यांच्या तळहाताला काहीच कळत नव्हतं. ते नुसते हात ठेवून बसून राहिले. ते पुनमला बघवेना.

तिसऱ्या दिवशी नाना दाढी करायला गेले तेव्हा तिने युक्ती केली. मशीनच्या मागून माझी वायर काढली आणि कुणाला कळू नये म्हणून तिथेच टेकवून ठेवली. तिला वाटलं, आज करंट कमी आहे असं समजून नाना उठून जातील. सहा वाजता आपण परत जोडून टाकू. कुणाचं काय बिघडलं?

नाना आले. माझ्या स्क्रूंना बोटं लावली. माझ्याकडची वायर जागेवर होती. त्यांनी बटण दाबलं, व्हॉल्व्ह पेटले, तबकडी फिरायला लागली. त्यांनी माझ्या ओठावर हात ठेवला. काही नाही. दुसरा हात ठेवला. मग गाल टेकवला. आवाजाचं बटण त्यांनी आणखी फिरवलं, मग आणखी. मशीनमधला ट्रान्सफॉर्मर बारीक आवाजात किंचाळत होता, पण तो नानांना कसा ऐकू येणार? पुनम आतल्या खोलीत पंखा लावून मोठ्याने इतिहास घोकत होती. मला तोंड केवढं मोठं, पण मी एक शब्द काढू शकलो नाही.

तारेवरची लाख जळल्याचा वास आला तेव्हा नानांनी बटण बंद केलं. तोवर माझा जोडीदार संपला होता.

नानांनी मशीन फिरवून पाहिलं. सुटलेली वायर हातात घेतली आणि ते खाली बसले. आदल्या दिवशी व्हॉल्व्ह पुसताना आपणच ती लावायची विसरलो, असं त्यांनी ठरवून टाकलं. संध्याकाळी पुनमचे पप्पा, ललितभाऊ, सूतगिरणीतून आले तेव्हा नाना एवढंच म्हणाले, "मना हात चुकना. आते बठ्ठं भंगारमा दी टाक." बठ्ठं म्हणजे सगळं, अगदी मीसुद्धा.

पुनम दारात उभी होती. ती वळली आणि पुन्हा इतिहासाचं पुस्तक उघडून बसली.

मित्रांनो, मशीन जळण्यापेक्षा वाईट गोष्ट त्यानंतर घडली. शेजारचे मिक्सर, इस्त्र्या नाना फुकट दुरुस्त करायचे, ते सगळं त्यांनी तसंच परत केलं. गॅस पेटवणं सोडलं. परवा तर पंख्याचं बटण दाबण्याआधी त्यांनी मोहिनीताईंना खुणेने विचारलं, दाबू का? ज्या हाताने तीस वर्षं सगळ्या गावाला सिनेमा दाखवला, त्या हातावरून नानांचा विश्वास उडाला.

मी वस्तू आहे. मला साक्ष देता येत नाही. तुमच्या घरातही माझ्यासारखं काहीतरी जुनं असेल. ते पुसत जा, उंदरांपासून जपा, हे तर मी सांगेनच. पण त्याला हात लावण्याआधी, ज्याचं ते आहे त्याला एकदा विचारा. आणि हातून काही मोडलं तर तसं म्हणा. तुम्ही गप्प राहिलात तर दुसरं कुणीतरी ते स्वतःच्या माथी घेऊन बसतं.

आज रविवार. ललितभाऊंनी भंगारवाल्याला दहा वाजता बोलावलं आहे. मला ओट्यावर आणून ठेवलं आहे. नाना अंगणात पाठ फिरवून बसलेत. आत चहा चालू होता तेव्हा पुनमने सगळं सांगून टाकलं, नानांच्या कानांसकट. रडत रडत, पण सगळं.

एक कप बशीवर टेकला.

"इतकं कमी ऐकू येतं त्यांना?" ललितभाऊ हळूच म्हणाले. "आणि मी म्हणायचो, मुद्दाम उत्तर देत नाहीत."

मोहिनीताई म्हणाल्या, "झालं ते झालं गं. आता नको सांगू त्यांना. नातीने केलं कळलं तर आणखी खचतील. जरा दिवस जाऊ देत, विसरतील."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पुनम उभी राहिली असणार.

"नाही आई. पप्पा, मी ठरवलंय. भंगारवाल्याला मी परत पाठवणार. आणि आत्ता वहीवर मोठ्या अक्षरात लिहून नानांसमोर धरणार, की वायर मी काढली. मग ते रागावू देत. वर्षभर माझ्याशी नाही बोलले तरी चालेल. पण त्यांचा हात चुकलेला नाही, हे त्यांना आजच कळलं पाहिजे."