शूर पांढरे शिपाई

मुलांच्या मासिकात आरोग्याचं पान म्हणजे सावत्र मूल. कोडी सुटली, विनोद वाचून झाले आणि तरीही वेळ उरला, तरच वाचक नाइलाजाने तिकडे वळणार. हात धुवा, दात घासा, नखं कापा, हे कुणाला हवंय? गेली काही वर्षं मात्र मुलं अंक हातात पडताच आधी तेच पान उघडू लागली होती, आणि याचं सगळं श्रेय ते पान लिहिणाऱ्या लेखिकेला होतं. तिच्या गोष्टीत दाढ संपावर जायची, नाक पोलिसात तक्रार नोंदवायचं, आणि जंत तर इतके लाघवी बोलायचे की औषध घेताना एका वाचकाला त्यांच्यासाठी रडू कोसळलं होतं.

या गोष्टींची एक शिस्त ठरलेली होती. लिहून झालेली गोष्ट आधी टिल्लूला सांगायची. टिल्लू म्हणजे तिच्या भावाचा पाच वर्षांचा मुलगा, एकाच घरात राहणारा आणि आत्याचं प्रत्येक वाक्य वेदवाक्य मानणारा. तो हसला की गोष्ट पास. मग ती टिल्लूच्या आईकडे जायची. वहिनी लहान मुलांची डॉक्टर. ती लाल पेन घेऊन बसायची आणि जिथे टिल्लू हसलेला असायचा नेमकं तिथेच काट मारायची. "हे मुलं करून बघतील," हे तिचं पालुपद. गोष्टीचा जीव घ्यायचा आणि मग ती निरोगी असल्याचा दाखला द्यायचा, असं लेखिका तिला तोंडावर म्हणायची.

या खेपेला तिने वहिनीला गोष्ट दाखवलीच नाही. संपादकांना मात्र बिनदिक्कत सांगितलं, "वहिनीने बघितलीय."

गोष्ट फर्मास जमली होती. ताप नावाचा राक्षस घरात शिरतो. डबीत झोपलेले शूर पांढरे शिपाई जागे होतात, मुलाच्या तोंडावाटे पोटात उतरतात आणि राक्षसाला पळवून लावतात. शिपाई जितके जास्त, तितकी लढाई लवकर संपते. आणि सर्वात मोठी गंमत म्हणजे, आत गेलेल्या सैन्याबद्दल मुलाने कुणाजवळ अवाक्षर काढायचं नाही. काढलं तर राक्षसाला पत्ता लागतो. या शेवटच्या कलमावर लेखिका बेहद्द खूश होती.

दुपारी ती मासिकाच्या कचेरीत पुढच्या अंकाची चित्रं बघत असताना वहिनीचा फोन आला.

"संपादकांनी मला आभार मानायला फोन केला होता. म्हटलं, कसले आभार? तेव्हा त्यांनी गोष्ट वाचून दाखवली."

"वहिनी, मी तुला सांगणारच होते..."

"भांडू नंतर. टिल्लूला सांगितलीस ही?"

"सांगितली की. सकाळी. जाम खूश झाला."

मग वहिनीने अगदी हळू विचारलं, "बाबांच्या गोळ्या कुठे असतात गं?"

बाबांच्या हृदयाच्या गोळ्या. पांढऱ्या. उशाशी, डबीत. आणि बाबा, म्हणजे टिल्लूचे आजोबा, कालपासून तापाने अंथरुणावर होते. घरात दुपारी ते आणि टिल्लू, दोघंच.

"ते फोन उचलत नाहीयेत," वहिनी म्हणाली. "मी निघालेय, पण मला वेळ लागेल. तू जवळ आहेस. पळ."

ती पळाली. घर दोन गल्ल्या सोडून होतं. चप्पल एकदा निसटली, दुसऱ्यांदा निसटली तेव्हा तिने ती तिथेच टाकली. कानाला लावलेल्या फोनमधून वहिनीच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत होता. वहिनीने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाबा पांघरूण ओढून गाढ झोपले होते. उशाशी डबी होती. उघडी, रिकामी.

टिल्लू टेबलाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. ओठाच्या कडेला पांढरट काहीतरी वाळलेलं.

"टिल्लू, गोळ्या खाल्ल्यास?"

त्याने मिठाची गुळणी धरली.

"अरे बोल ना! किती खाल्ल्यास? केव्हा?"

आत्या इतकी ओरडली की बाबा जागे झाले. "डबीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं मी त्याला," एवढंच ते पुनःपुन्हा म्हणत राहिले. लेखिकेने फोन टिल्लूसमोर धरला.

"राजा, आई बोलतेय. मी रागावणार नाही. सांग बरं."

टिल्लूने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबलं. तो काही ताकास तूर लागू देईना.

"किती आणि केव्हा, तेवढं काढून घे," वहिनी म्हणाली. तिचा आवाज आता फाटला होता. "उपाय त्यावर ठरतो. उलटी काढायला जाऊ नकोस. मी कोपऱ्यावर येतेच आहे, त्याला खाली आण."

लेखिकेला एकच विद्या येत होती. तिने त्याला उचललं आणि जिना उतरता उतरता आवाज बदलून म्हणाली, "मी सेनापती! शूर बालका, बोल, किती शिपाई लढाईला गेले?"

टिल्लूने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "सेनापतीला पण नाही सांगायचं. तूच म्हणालीस."

ती जिन्यातच बसली आणि त्याला समोर उभं केलं.

"टिल्लू, राक्षस वगैरे काही नाही. शिपाई पण नाहीत. त्या आजोबांच्या गोळ्या आहेत. ती गोष्ट मी बनवली. जेवता जेवता बनवली."

"म्हणजे खोटी?"

"खोटी."

"सगळी?"

"सगळी."

"जंतांची पण?"

"ती पण."

"दाढेची?"

"दाढेची पण. मला गंमत वाटते म्हणून मी खोटं लिहिते."

टिल्लूचा चेहरा तिच्या डोळ्यांदेखत उतरला. मग तो हमसून हमसून रडू लागला, आणि त्या रडण्यातच सगळं बाहेर आलं. आजोबांचा ताप आपल्याला लागणार, म्हणून त्याने आधीच फौज पाठवली होती. चार शिपाई. कार्टून संपलं तेव्हा. जास्त जाईनात, कडू लागले. बाकीचे आजोबांच्या बुटात दडवले होते.

"कार्टून संपून अर्धा तास झाला असेल," वहिनी फोनवर म्हणाली. खाली गाडी करकचून थांबली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या, कागद बघितला आणि वेळेत आणलंत म्हणाले. आजची रात्र इथेच ठेवायचं, पण घाबरू नका. तेव्हा कुठे वहिनी भिंतीला टेकली. ती नणंदेकडे बघत नव्हती. संपादकांचा फोन आला, छपाई थांबवलीय, पान कोरं जाईल. "जाऊ दे," लेखिका म्हणाली आणि फोन बंद केला.

नर्सबाई एक पेला घेऊन आल्या. आत काळंकुट्ट, दाट काहीतरी होतं.

"हे बघ काय आणलंय! जादूचं चॉकलेट!"

टिल्लूने तोंड मिटून घेतलं. आईने समजावलं, नर्सबाईंनी चुचकारलं. तो आत्याकडे बघत होता.

"चॉकलेट नाहीये," लेखिका म्हणाली. "औषध आहे. पाण्यात कोळशाची पूड कालवलीय. घाण लागतं. दात काळे होतील. पोटातल्या गोळ्या अंगात भिनू नयेत म्हणून हे प्यायचं."

नर्सबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. आता कसला पितोय हा!

"खरं?" टिल्लूने विचारलं.

"खरं."

"शप्पथ?"

तिने नुसती मान हलवली.

टिल्लूने दोन्ही हातांनी पेला घेतला आणि एक घोट गिळला. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

"खरंच घाण आहे," तो म्हणाला, आणि त्याने पेला पुन्हा तोंडाला लावला.