डाळमिल आणि माझा सात नंबर

मी एक जुना गिटार प्रोसेसर आहे, मित्रांनो. गिटारची वायर माझ्या पोटात येते, मी आवाजाला हवं तसं रूप देतो आणि पुढे स्पीकरकडे पाठवतो. पायाने दाबायच्या चार कळा, एक लाल आकडा आणि स्वभाव भलता उतावीळ. आकडा बदलला की आवाज बदलतो; अशा जुळवून ठेवलेल्या आवाजाला प्रीसेट म्हणतात. एका रूपात स्वस्थ बसणं माझ्या नशिबीच नाही.

लातूरच्या आनंदराजने मला नांदेडहून जुनाच आणला. त्याचा ऑर्केस्ट्रा लग्नाकार्यात वाजतो. माझे प्रीसेट त्याची लेक धम्मप्रिया जुळवते. घर डाळमिलला अगदी लागून. मिलची घरघर त्या घरच्यांना आता ऐकूही येत नाही. मला मात्र येते! त्या घरघरीत तिखट आवाज वर येत आणि मऊ आवाज बुडत. म्हणून धम्मप्रियाने मऊ आवाजाचा सात नंबरचा प्रीसेट वाढवत नेला. तिच्या कानाला सगळे सारखे झाले. मी आतून तडफडत होतो, पण सांगणार कसं?

लोह्याच्या एका लग्नात पार्वतम्मा गवळण गात होत्या. चौदा वर्षं याच ऑर्केस्ट्रात, आता आवाज बारीक झालेला. आनंदराजने सात दाबला आणि मी त्यांच्या अंगावर धावूनच गेलो. त्यांनी माईक खाली ठेवला.

"आनंदा, माझं गाणं मलाच आईकू यीना. चाकूरच्या लग्नात पुन्हा असं झालं तर मी गाणंच सोडते बघ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन दिवसांनी मिलचा पट्टा तुटला. घरात शांतता पसरली. धम्मप्रियाने सात दाबला आणि त्याच्या दणक्याने ती दचकली.

"पप्पा, आपण तर मिलच्या आवाजाला जुळवून राहिलो होतो!"

तिने एकेक प्रीसेट नव्याने जुळवला, माझ्यात सेव्ह केला आणि सगळ्यांची एक फाईल लॅपटॉपवरही ठेवली.

पण चाकूरला निघायच्या सकाळी मिल पुन्हा सुरू झाली. धम्मप्रिया आत आवरत होती. आनंदराजने सहज वाजवून पाहिलं. "सात लई बारीक झालाय," असं पुटपुटत त्याने तो वाढवला आणि सेव्हही केला. मी आकडा लुकलुकवून थकलो.

चाकूरच्या मंडपात सात ओरडला. स्टेजवर येणाऱ्या पार्वतम्मा पायरीवरच थबकल्या.

"पप्पा, हात लावला का ह्याला?"

"हाव... थोडासाच."

नवरदेव मारुतीच्या देवळातून निघाला होता. धम्मप्रियाने लॅपटॉप उघडला, केबल जोडली, फाईल इम्पोर्ट करायला घेतली. माझ्या पोटातलं सगळं पुसलं जात होतं, नवं भरत होतं. मध्येच केबल निसटली तर? तिने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. अखेर लाल आकडा थांबला.

पार्वतम्मा गायल्या. मंडपातली लेकरंसुद्धा गप्प बसली. उतरताना त्यांनी विचारलं, "आनंदा, आज गिटार बंद होती का रे?"

आनंदराज गाणंभर वाजवत होता. त्याने मला रुमालाने पुसलं.

मित्रांनो, एवढी मोठी शाबासकी मला कधी मिळाली नाही. म्हणून एक विनवणी करतो. आपला आवाज वाढवण्याआधी शेजारी काय घरघरतंय ते ऐका, आणि जमलेलं दोन ठिकाणी जपून ठेवा.

आज मिल जोरात सुरू आहे. आनंदराजच्या पायाचा अंगठा कळीकडे सरकतोय. धम्मप्रिया, कुठे आहेस गं?