सामाईक कपाट

रंगारीण कामावरून घरी आली तेव्हा तिच्या कपाटाची पार वाट लागली होती. म्हणजे ते नको तितकं नीटनेटकं झालं होतं. धाकट्या नणंदेकडे घराची जास्तीची किल्ली होती आणि सुट्टीच्या दिवशीही तिचे हात स्वस्थ बसत नसत. ती लाँड्री चालवायची. जन्मभर लोकांच्या कपड्यांना घड्या घालून बायकांचे इकडे, पुरुषांचे तिकडे केलेले. तोच खाक्या तिने इथेही चालवला होता. कपाटात पट्टीने आखल्यासारखे कपडे, आणि दाराशी तोंड बांधलेली भलीमोठी पिशवी.

"दादाचे कपडे आहेत त्यात," नणंद म्हणाली. "वहिनी, किती दिवस उराशी धरून बसणार आहेस? गरजवंतांना देऊन टाकते. तूही मोकळी होशील."

नवऱ्याला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं, आणि जो तो हिला मोकळी करायला टपलेला! तिने चपलाही काढल्या नाहीत. पिशवीची गाठ सोडली आणि कपडे भसकन जमिनीवर ओतले. वरच एक ढगळ पँट होती.

"ही माझी."

"एवढी मोठी?"

"शिडीवर घट्ट पँट घालून चढून दाखवा, वन्सं. आणि तो फुलाफुलांचा शर्ट तुम्ही माझ्यात लावलाय ना, तो तुमच्या दादाचा."

नणंदेचा चेहरा बघण्यासारखा झाला. "दादा फुलं घालायचा?"

"घालायचा कसला, मिरवायचा!"

दोघं नवरा-बायको मिळून लोकांची घरं रंगवायची. उंची सारखी, अंगही जवळपास सारखंच. उशी कुणाची यावरून रोज तंडायची, पण कपड्यांत तुझं-माझं कधी नव्हतं. खालचा कप्पा भिंती घासायच्या कपड्यांचा, मधला तेलरंगाचा, आणि दाराच्या खुंटीवर गिऱ्हाइकाकडे जायचा एक बरा जोड. सकाळी डोळे अर्धे मिटलेले असताना हात घातला की हवं तेच हाताला लागायचं. जो आधी उठेल तो बरा शर्ट पटकावायचा आणि दुसरा दिवसभर कुरकुरायचा.

आता कुरकुरणारं कुणी नव्हतं. पण कपाट भरलेलं होतं. ही पिशवी गेली तर उद्या आपला हात नुसत्या फळीवर पडेल, या विचाराने ती जास्तच भडकली. नणंदेच्या कडक घड्या ती एकेक करून झटकू लागली आणि कपडे पुन्हा आपापल्या कप्प्यात कोंबू लागली.

"अगं, घडी तरी घाल!"

"नाही घालणार."

"नवऱ्याचे कपडे घालून बाई गावभर फिरते. लोक काय म्हणतील?"

"इतकी वर्षं तेच घालत होते. तेव्हा लोकांच्या डोळ्यांवर झापडं होती का? माझं कपाट आहे. माझ्या सवयीनंच लागेल. आणि ती किल्ली ठेवा तिथं टेबलावर."

नणंदेने किल्ली ठेवली. गेली मात्र नाही. ढिगाऱ्याशेजारी खाली बसून ती कपडे नुसतीच चाळत राहिली.

"मग एकट्या दादाचं असं यात काहीच नाही?"

"नाही."

"मला एक हवा होता गं," ती कशीबशी म्हणाली. "सगळे देणार नव्हतेच मी. एक घरी ठेवणार होते. जपून."

रंगारणीचा हात थांबला. तिलाही रडू फुटलं, पण तिने माघार घेतली नाही. ढिगातून कोपराला विरलेला, निळे शिंतोडे उडालेला एक शर्ट काढून तिने नणंदेपुढे धरला.

"जपायला नाही मिळणार. घालणार असाल तर न्या."

"हा? लाँड्रीत? गिऱ्हाइकं काय म्हणतील, हिला स्वतःचे डाग काढता येत नाहीत?"

"म्हणू देत."

नणंदेने डोळे पुसले. मग आधी एक बाही चढवली, मग दुसरी.