नमाजेपुरतं सुकाणू

दुपार कलताच ताजुद्दीननं इंजिन मंद केलं आणि बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, हलकेच मक्केच्या दिशेला वळवली. समोर दम्मामचा किनारा धुरकट दिसत होता. खाली डेकवर अबू फहद, बोटीचा म्हातारा मालक, नमाजेचा मुसल्ला अंथरत होता. उद्यापासून या सुकाणूवर ताजुद्दीनच्या जागी सौदी कॅप्टन येणार होता. नियमच तसा निघाला होता. त्यापुढे मालकाचंही काही चाललं नाही.

मालकाला एकच हौस. दर उन्हाळ्यात ही बोट नॉर्वेच्या उत्तरेला न्यायची. तिथं हिमनद्या थेट समुद्रात उतरलेल्या, बर्फ निळीत बुडवून काढल्यासारखा. मिशाळ वॉलरस जमातीच्या बैठकीला जमलेल्या बुजुर्गांसारखे लोळत पडलेले. हर्णैच्या ताजुद्दीनला ते सगळं आता फार आठवत होतं. तिथल्या खोल पाण्यात नांगर तळाला लागत नसे. प्रवाह बोट फिरवू बघे. मालकाचा किब्ला, नमाजेची दिशा, चुकू नये म्हणून नमाज संपेपर्यंत ताजुद्दीन नाळ तसूभर हलू देत नसे. स्वतः मागाहून एकटाच पढे.

सकाळी फोनवर हलिमानं, त्याच्या बायकोनं, नेमकं तेच विचारलं होतं.

"तुमी कधी त्याच्यासंगती नमाजेला उभे ऱ्हायला नाय, ता त्याच्या ध्यानात तरी आला काय?"

"मालकाला काय पाठीला डोळे असतात?"

तो हसला खरा, पण तिचा प्रश्न दिवसभर त्याच्या मनात सलत राहिला.

जिन्यावर पावलं वाजली. मालक कठड्याला धरून वर आला.

"खाली जा, ताजुद्दीन," तो अरबीत म्हणाला. "मुसल्ला तुझ्यासाठी अंथरलाय."

"आणि सुकाणू?"

"मी धरतो. यल्ला, चल."

"शेख, तुमचे हात कापतात."

"बर्फात तुझेही कापायचे. नमाजेअखेर सलाम फेरताना मान वळली, की दिसायचे मला."

ताजुद्दीनला भरून आलं. सुकाणू मालकाच्या हाती देऊन तो खाली उतरला.

सजद्यात कपाळ टेकलं, तोच त्याला अंगानं कळलं, नाळ डावीकडे सरकतेय. सवयीनं हात सुकाणूसाठी उचलले जाणार होते. त्यानं ते मुसल्ल्यावर दाबून धरले, आणि नाळ पुन्हा जागेवर येईपर्यंत डोकं वर केलं नाही.