ओढीच्या नळ्या

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळं सुभेदार सयाजीरावांची गाडी पावसाळाभर कडब्याच्या गंजीशेजारी, पत्र्याखाली उभी राहिली आणि तेवढ्यात उंदरांनी तिच्या इंजिनावर संसार थाटला. गाडी जुनी, पण पेट्रोल इंजेक्शनवाली. फौजेतून पेन्शनीत येताना त्यांनी ती आपल्या साहेबांकडून घेतली होती. वडूजमधल्या कुठल्याही नव्या गाडीपेक्षा ती सरस आहे, असं ते चारचौघांत छातीठोक सांगत. डोळ्यांची पट्टी सुटल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं, तर काळ्या रबरी नळ्यांचा नुसता भुगा झालेला.

तानाजी मिस्त्रीनं उरलेसुरले तुकडे ओढून फेकले. मग त्याच्या ध्यानात आलं, की कुठली नळी कुठून कुठं जात होती हे सांगायला आता काहीच उरलेलं नाही. बॉनेटच्या आत चिकटवलेला नकाशाही कधीच झिजून गेला होता. माणूस सरळ. म्हणाला, या जातीचं इंजिन माझ्या हाताखालून गेलेलं नाही, आणि अंदाजानं जोडून तुमच्या जिवाशी खेळायचं मला जमणार नाही. अशीच दुसरी गाडी कुठं बघायला मिळाली तर मात्र काम सोपं आहे.

सयाजीरावांनी गाडी मोडीत द्यायचं मनावर घेतलं. पोरगा जम्मूकडं ड्यूटीवर होता, तो सुटीवर आला की नवी बघू म्हणाले. त्यांच्या बायकोला, बनुबाईंनाही ते पटलं. पटलं नाही ते सुनेला.

क्रांती घरच्या रानाचं ठिबक एकटी सांभाळायची. नळी, कॉक, फिल्टर यांत तिचा दिवस जायचा. चार रबरी नळ्यांपायी चांगलं इंजिन भंगारात घालायचं, हे तिच्या गळी उतरेना. तिनं साताऱ्यातल्या पार्टच्या दुकानांना एकामागून एक फोन लावले. शेवटी एकानं सांगितलं, कोयनानगरचे मधु केतकर म्हणून एक गृहस्थ याच गाडीचे पार्ट नेतात.

मोबाइलवर फोटो मागवून काम भागेल, असं सयाजीरावांना वाटत होतं. फोटो आलेही. पण निम्म्या नळ्या इंजिनाच्या पोटाखाली दडलेल्या, फोटोत नुसती टोकं दिसत. तेव्हा सासरा आणि सून सकाळच्या एसटीनं निघाले आणि कराडला गाडी बदलून पाटणमार्गे कोयनानगरला पोचले.

केतकर वीज प्रकल्पातून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे. सयाजीरावांना वाटलं, बॉनेट उघडून दाखवतील, चहा पाजतील आणि वाटेला लावतील. पण केतकरांनी चालू इंजिनावरची एक नळी स्वतःच्या हातानं उपटली आणि मोकळ्या तोटीवर क्रांतीला अंगठा धरायला लावला. फुसफुसणारी हवा थांबली आणि अंगठा आत खेचला गेला.

"ही ओढ," ते म्हणाले. "इंजिन हवा आत घेतं तेव्हा तयार होते. या साऱ्या नळ्या तीच ओढ इकडून तिकडं नेतात."

मग प्रत्येक नळीची गोष्ट झाली. ब्रेकची जाड नळी काढताच इंजिन धडपडून बंद पडलं. सेन्सरची काढली तर मागून काळा धूर आला. एक बारीक नळी काढली तेव्हा मात्र काहीच फरक पडला नाही. ही पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या डबीची, धावतानाच काम करत असेल, असं केतकर म्हणाले. क्रांतीला नळ्या डोळे झाकून बसवता येईपर्यंत त्यांनी तिला त्या पुन्हा पुन्हा काढायला आणि लावायला सांगितल्या. परक्या माणसासाठी आपल्या चालत्या गाडीला कुणी एवढं छळू देतं, हे सयाजीरावांनी पहिल्यांदाच पाहिलं.

वडूजला तानाजीच्या मदतीनं क्रांतीनं नव्या नळ्या बसवल्या. गाडी लगेच सुरू झाली, पण उभ्या जागी इंजिन वरखाली होत झुलायला लागलं आणि पेट्रोलचा वास सुटला. तानाजीनं कान लावून सगळे सांधे तपासले. हवा कुठूनही फुसफुसत नव्हती. सयाजीराव मनात म्हणाले, झालं, इथवरच आपला योग.

क्रांती मात्र तिथंच उभी. तिनं ॲक्सिलरेटरनं उघडणाऱ्या हवेच्या झडपेजवळच्या दोन बारीक नळ्या काढल्या आणि दोन्ही तोट्यांवर आळीपाळीनं अंगठा धरला. एक तोटी खेचत होती. दुसरी मेल्यासारखी. सासऱ्यांना तिनं ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं, तेव्हा कुठं दुसरी जराशी ओढायला लागली.

"मामा, एक तोटी झडपेच्या अलीकडं हाय, एक पलीकडं," ती म्हणाली. "ठिबकात खत वढून घेणाऱ्या व्हेंच्युरीचंबी असंच. कॉकच्या पलीकडं ओढ असती, अलीकडं न्हाई. दाबाच्या डबीला तर गाडी हुबी असताना ओढ पायजे, न्हाईतर पेट्रोल जास्तच जाणार. काकांच्या गाडीत ह्या दोन नळ्या उलट्या हायत."

तिनं नळ्यांची अदलाबदल केली. झुलणं थांबलं. तानाजीनं मान डोलावली आणि हात पुसले.

सयाजीरावांच्या मनात भलतीच पंचाईत उभी राहिली. ज्यानं एवढं शिकवलं त्यालाच चूक कशी सांगायची? फौजेत वरच्याला असं सांगायची रीत नव्हती. ते म्हणाले, जाऊ दे, आपलं काम झालं ना.

"त्येंनी आपली गाडी उघडून दावली, मामा," क्रांती म्हणाली. "आन आपून गप बसायचं?"

फोन तिनंच लावला. पलीकडं केतकरांनी सगळं ऐकून घेतलं. थांब म्हणाले. बॉनेट उघडल्याचा आवाज आला, मग इंजिनाचा, मग पुष्कळ वेळ नुसती घरघर. अखेर केतकर हसले.

"इतकी वर्षं हीपण उभ्या जागी झुलायची आणि मी हिचं वय झालं म्हणत होतो," ते म्हणाले. "पोरी, जुन्या मिस्त्रीनं बसवलं ते मी कधी तपासलंच नाही."

पुढच्या आठवड्यात ते न कळवता वडूजला आले, तीच गाडी स्वतः चालवत. अंगणात दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. जेवणं झाल्यावर सयाजीरावांच्या गाडीतून एक फेरी मारायचं ठरलं. केतकरांनी हट्टानं क्रांतीला स्टिअरिंगवर बसवलं. सयाजीराव आपल्याच गाडीत पहिल्यांदा मागच्या सीटवर बसले.

बाजाराच्या गर्दीत गाडी थांबली. ओळखीचा एक जण खिडकीशी वाकला आणि त्यानं विचारलं, गाडी तर मोडीत निघाली होती ना, कुणी दुरुस्त केली?

"आमच्या सूनबाईनं," सयाजीराव म्हणाले, गरजेपेक्षा जरा मोठ्यानं. केतकर पुढं बघत हसत होते. क्रांतीनं गाडी गिअरमध्ये टाकली आणि माणसांमधून वाट काढत हळूहळू पुढं नेली.