मी कापडाचं पोट

मी एक पोट आहे, कापडाचं. माझ्या आत रबरी बाळ आहे, वार आहे, लाल पाण्याची थैली आहे. बाळंतपण कसं करायचं ते नर्सना माझ्यावर शिकवतात.

नगरच्या प्रशिक्षण वर्गात ग्रेस सिस्टर मला कमरेला बांधायच्या. त्या बाळंतिणीसारख्या कण्हू लागल्या, की मलाही गुंगी यायची. वाटायचं, आत खरंच कुणीतरी कूस बदलतंय.

एकदा खर्ड्याकडच्या उपकेंद्रातली नवी नर्स रेश्मा शिकायला आली. रबरी बाळ तिनं अलगद झेललं. मग सिस्टरांनी थैलीचा चाप सोडला. लाल पाणी वाहू लागलं, तशी रेश्मा मागं सरकली.

"सिस्टर, माझी आई अशीच गेली. धाकट्या भावाच्या वेळी. मला न्हाई जमायचं."

सिस्टरांनी तिचा हात धरून माझ्यावर ठेवला. "मऊ लागतंय ना? गर्भपिशवी सैल पडलीय. घट्ट होईपर्यंत चोळायचं. आणि बाईला बोलतं ठेवायचं."

रेश्मा रडत रडत चोळत राहिली. तिच्या तळव्याची ऊब माझ्या कापडात मुरली.

सरावासाठी मला तिच्याबरोबरच उपकेंद्रात पाठवलं. तिथल्या फळीवर मी पेंगत असायचं. एका दुपारी कडूबाई बाळंत झाली. मुलगी खणखणीत रडली. रेश्मानं इंजेक्शन दिलं, वार पडली, तरी चादर लाल होतच गेली.

"ताई, अंधारी येतीया..."

"बायडाबाई, गाडीला फोन लावा!" रेश्मानं गावच्या आशा कार्यकर्तीला सांगितलं. तिचा हात कडूबाईच्या पोटावर फिरू लागला. "माझ्याकडं बघ. पोरीचं नाव काय ठेवायचं?"

"नाव... आत्या ठेवती."

"मग आत्याचं नाव सांग."

"रुपाली..."

पंखा संथ फिरत होता. तो हात माझ्यावरूनच फिरतोय असं मला वाटत होतं. जणू माझ्याही आत रक्त होतं, आणि ते हळूहळू थांबत होतं.

"घट्ट झालं," रेश्मा म्हणाली आणि तिनं लेकीला कडूबाईच्या कुशीत दिलं. गाडी आली तेव्हा कडूबाई लेकीला पाजत होती.

आता माझी शिवण उसवलीय, पट्टा धरत नाही. रेश्माच मला ओढणीनं बांधते आणि नव्या मुलींना शिकवते. त्याही लाल पाणी बघून दचकतात.

पोरींनो, दचकायचं ते माझ्यापाशी दचका. चुकायचं ते माझ्यावर चुका, पुन्हा पुन्हा चुका. मला दुखत नाही.